डिस्क ब्रेकची रोड बाइक: ऑफिसलाही तीच, सिंहगडालाही तीच

नवी रोड बाइक घरात आली की आठवडाभरात चाकं बदलायच्या गप्पा सुरू होतात. कार्बनची रिम, हलका सीटपोस्ट, भारीतली हँडलटेप. पण जी सायकल सोमवार ते शुक्रवार ट्रॅफिकमधून न्यायची आणि रविवारी घाटात चढवायची, तिच्यावर पैसे घालायचा क्रम वेगळा असतो: आधी ब्रेक, मग टायर, मग मडगार्ड-दिवे, मग गिअर. चाकं सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. उदाहरणं पुण्या-मुंबईकडची घेतली आहेत, कारण घाट, खड्डे आणि चार महिन्यांचा पाऊस यांवरच इथली बहुतेक गणितं ठरतात.

१. घेताना फ्रेम बघा, बाकीचं नंतर बदलता येतं

दुकानात गिअरच्या नावापेक्षा आधी या चार गोष्टी तपासा.

टायरला जागा किती आहे. मडगार्डशिवाय ३२ मिमी आणि मडगार्डसह २८ मिमी बसलाच पाहिजे. फक्त २५ बसणारी फ्रेम रोजच्या रस्त्यासाठी घेऊ नका.

ॲक्सल कोणता आहे. थ्रू ॲक्सल (फ्रेमच्या आरपार जाऊन आट्यांवर बसणारा दांडा) असेल तर उत्तम. पुढे १२×१०० आणि मागे १२×१४२ मिमी हे आजचं रूढ माप. स्वस्त डिस्क सायकलींना क्विक रिलीज (दांडी वळवून आवळायची पातळ सळई) असतो. तोही चालतो, पण डिस्कचा जोर चाकाला फोर्कच्या खाचेतून बाहेर ढकलू पाहतो, म्हणून क्विक रिलीजची दांडी हातावर वळ उमटेल इतकी घट्ट लागते. दर वेळी चाक काढल्यावर ती पुन्हा तपासायची.

मडगार्ड आणि कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोकं आहेत का. नसतील तर पुढची सगळी वर्षं पट्ट्या-क्लिपांच्या जुगाडात जातात.

चौथी गोष्ट म्हणजे ब्रेक केबलचे आहेत की तेलाचे. दोन्ही चालतात. बजेट कमी असेल तर केबलचे ब्रेक आणि चांगली फ्रेम घ्या. तेलाचे ब्रेक हवेत म्हणून टायरला जागा नसलेली फ्रेम घेऊ नका.

उजव्या हाताला कोणता ब्रेक आहे तेही लगेच बघा. आपल्याकडे उजवा हात म्हणजे पुढचा ब्रेक, अशीच बहुतेकांची सवय असते. बाहेरून आणलेली किंवा सेकंडहँड सायकल उलटी जोडलेली असू शकते. केबल असेल तर अदलाबदल अर्ध्या तासाचं काम आहे, तेलाची नळी असेल तर कापणं आणि ब्लीड करणं (नळीतली हवा काढून तेल भरणं) आलं.

२. कागद आणि अवजारं

जपून ठेवायचे कागद: फ्रेम नंबर लिहिलेलं बिल, वॉरंटी कार्ड, फ्रेम नंबरचा फोटो (हा नंबर बहुतेक सायकलींना दोन्ही पेडलांच्या मधल्या भागाखाली ठोकलेला असतो) आणि पूर्ण सायकलचा उजव्या बाजूने काढलेला फोटो. चोरीची तक्रार किंवा विमा, दोन्हीकडे हेच मागतात. दुकानदाराने बिलावर नंबर लिहिला नसेल तर तिथेच लिहून घ्या. सेकंडहँड घेताना मूळ बिल आणि फ्रेमवरचा नंबर जुळत नसेल तर व्यवहार सोडून द्या.

घरी लागणारी अवजारं:

- ४, ५, ६ आणि ८ मिमीची एलन की, आणि टी२५ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाची की)
- छोटा टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती आवळला ते न्यूटन मीटरमध्ये मोजणारा पाना (कार्बनचा कुठलाही भाग असेल तर हवाच)
- गेज असलेला उभा पंप
- चेन मोजायची पट्टी
- प्लास्टिकचे टायर लिव्हर, दोन ट्यूब, क्विक लिंक (चेन जोडायची कडी)
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फक्त ब्रेकसाठी राखून ठेवलेलं स्वच्छ फडकं
- तेलाचा ब्रेक असेल तर पॅडमध्ये घालायची प्लास्टिकची पाचर. नव्या सायकलच्या खोक्यात ती असते आणि दुकानात हमखास कचऱ्यात जाते. मागून घ्या.

पेट्रोल पंपावरची हवा या सायकलला थेट भरता येत नाही. तिच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला पितळी ॲडॉप्टर लागतो. तो बॅगेत असू द्या, पण फक्त अडीअडचणीसाठी. पंपावरच्या हवेचा नेम नसतो, बारीक टायरमध्ये क्षणात जास्त हवा जाते.

३. पहिल्याच दिवशी ब्रेक 'बसवून' घ्या

नवे पॅड आणि नवा रोटर (पॅड ज्या धातूच्या चकतीला चिमटतात ती) आल्या आल्या नीट धरत नाहीत. पॅडच्या मसाल्याचा पातळ, एकसारखा थर रोटरवर चढला की मगच पकड येते. हे न करता थेट घाटात गेलं तर थर ठिकठिकाणी चढतो आणि ब्रेक कायमचा थरथरतो किंवा किंचाळतो.

रिकामा, सपाट रस्ता शोधा. २० ते २५ च्या वेगाने जा आणि फक्त पुढचा ब्रेक सावकाश, वाढत्या जोराने दाबत चालण्याच्या वेगापर्यंत या. चाक लॉक करायचं नाही, पूर्ण थांबायचंही नाही. असं दहा ते पंधरा वेळा, मग मागच्या ब्रेकला तेच. शेवटी ३० च्या वेगाने पाच-सहा वेळा. पॅड किंवा रोटर बदलला की प्रत्येक वेळी हा सगळा खटाटोप पुन्हा करायचा.

४. केबलचा ब्रेक: पॅड सरकवा, केबल ताणत बसू नका

स्वस्त केबल कॅलिपरमध्ये (पॅड धरून दाबणाऱ्या भागात) एकच पॅड हलतो. बाहेरचा पॅड रोटरला ढकलतो, रोटर किंचित वाकून आतल्या स्थिर पॅडला टेकतो. त्यामुळे आतला पॅड झिजला की तो हाताने पुढे आणावा लागतो. नवखे (आणि बरेच मेकॅनिकही) काय करतात, तर ब्रेक सैल वाटला की केबल ताणतात. केबल ताणल्याने कॅलिपरचा हात आधीच अर्धा फिरलेला राहतो, उरलेली फिरकी कमी पडते आणि ऐन उतारावर ब्रेक हँडलला येऊन टेकतो.

योग्य पद्धत अशी:

- आधी केबलचा ताण पूर्ण सोडा.
- कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, कॅलिपर रोटरच्या मध्ये आणा आणि बोल्ट आलटून पालटून आवळा. शिमानोच्या फ्लॅट माउंट (फ्रेमला सपाट टेकून बसणाऱ्या) कॅलिपरला ६ ते ८ न्यूटन मीटर.
- चाकाच्या आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून स्थिर पॅड रोटरच्या जवळ आणा. मध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा.
- आता केबल बांधा आणि बारीक फरक बॅरल ॲडजस्टरने (केबलचा ताण बदलायच्या फिरत्या स्क्रूने) काढा.

हाच ब्रेक खूप सुधारतो तो आउटर (केबलवरची नळी) बदलल्याने. साधं ब्रेक आउटर म्हणजे गुंडाळलेली स्प्रिंग; जोरात दाबलं की ते आखडतं आणि हाताचा जोर तिथेच मुरतो. कम्प्रेशनलेस ब्रेक आउटरमध्ये तारा उभ्या असतात, त्यामुळे लिव्हर दाबल्यावरचा स्पंजपणा जातो. फरक मागच्या ब्रेकला जास्त जाणवतो, कारण तिथली केबल लांब असते. मात्र गिअरचं आउटर ब्रेकला कधीही घालू नका. त्यातही उभ्या तारा असतात, म्हणून 'तेच तर आहे' असं सांगणारे भेटतात. ब्रेकच्या ताणाने ते फुटतं, आणि फुटतं ते नेमकं जोरात दाबल्यावर.

पुढची पायरी म्हणजे टीआरपी स्पायरसारखा दोन्ही पॅड हलवणारा केबल कॅलिपर. त्याच्याही पुढे केबलवर चालणारे पण आत तेल असलेले कॅलिपर मिळतात. जुने लिव्हर ठेवून पकड वाढवायची असेल तर तेवढं पुरतं. पूर्ण हायड्रॉलिकवर (तेलाच्या ब्रेकवर) जायचं तर लिव्हरही बदलावे लागतात. ८ किंवा ९ स्पीडच्या (मागे तेवढे गिअर असलेल्या) सायकलवर तो खर्च पुष्कळदा अर्ध्या सायकलएवढा होतो. त्यापेक्षा ही सायकल विकून वरची घेणं शहाणपणाचं.

५. तेलाचा ब्रेक: चार चुका टाळल्या की वर्षभर बघावं लागत नाही

चाक काढलेलं असताना लिव्हर दाबणं ही पहिली चूक. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत जात नाही. गाडीत सायकल भरताना, एसटीच्या टपावर चढवताना, ट्रेनरवर (घरात एका जागी सायकल चालवायच्या यंत्रावर) लावताना चाक निघालं की लगेच प्लास्टिकची पाचर घाला. झालीच चूक, तर प्लास्टिकच्या टायर लिव्हरने पॅड हळूहळू मागे रेटा. स्क्रूड्रायव्हर नको, पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) सिरॅमिकचा असेल तर टवका उडतो.

दुसरी: चुकीचं तेल. शिमानोला मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या रोड ब्रेकना बहुतेक करून डॉट ५.१. मोटरसायकलचं ब्रेक ऑइल डॉट प्रकारचं असतं. ते मिनरलच्या ब्रेकमध्ये घातलं तर आतले रबरी सील फुगतात आणि सगळा ब्रेक बाद. लिव्हरच्या झाकणावर काय छापलंय ते वाचूनच बाटली उघडा.

तिसरी: पंक्चर काढताना सायकल उलटी करून ठेवणं. लिव्हरमधल्या टाकीत थोडी हवा असतेच, ती उलट्या सायकलीत नळीत चढू शकते. सरळ केल्यावर पाच-दहा वेळा लिव्हर दाबा, तो कडक झाला की निघा. दाबत राहिल्यावरच कडक होत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा सैल पडत असेल, तर नळीत हवा आहे आणि ब्लीड करायची वेळ झाली आहे.

चौथी: पिस्टन न पुसता मागे ढकलणं. पॅड झिजत जातात तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्या कडेला काळी घाण साचते. नवे पॅड घालताना ती तशीच आत दाबली की पिस्टन अडकतो, एक पॅड घासत राहतो. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून कडा पुसा, मग ढकला.

ब्लीड रोज वापरातल्या सायकलला वर्षातून एकदा पुरतं. पावसाळा संपल्यावर करून घ्या.

६. पॅड, रोटर आणि तेलाचा डबा

रिम ब्रेकच्या रबराची झीज येता-जाता दिसायची. डिस्कचे पॅड कॅलिपरच्या पोटात असतात, दिसत नाहीत, आणि नवख्यांची बहुतेक फसगत इथेच होते. एरवी महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला टॉर्च मारून बघा. शिमानोच्या पॅडची मर्यादा ०.५ मिमी आहे. १ मिमी उरला की नवे मागवून ठेवा. मसाला संपून लोखंडी पाठ रोटरवर घासली तर पॅडबरोबर रोटरही जातो. रोटर नवा १.८ मिमीचा असतो, १.५ झाला की बदलायचा. मोजायला व्हर्नियर लागतो, पट्टीने जमत नाही.

पॅड दोन प्रकारचे. रेझिन शांत असतात, गार असतानाच पकडतात, पण चिखलपाण्यात भराभर झिजतात. मेटल पॅड टिकाऊ, घाटातल्या उष्णतेला खंबीर, पण ओले असताना बोंबलतात. जून ते सप्टेंबर मेटल आणि एरवी रेझिन ही वाटणी इथल्या हवेला जमते. एक अट: काही स्वस्त रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं. त्यावर मेटल पॅड लावले तर रोटर खाल्ला जातो.

आता तेलाचा डबा. गल्लीतला सायकलवाला स्पोक सरळ करण्यात कुणाला हार जाणार नाही, पण आवाज आला की तेल मारायचं ही त्याच्या हाताची सवय. डिस्कवर तेलाचा एक थेंब म्हणजे ब्रेक गेला. चेनवरचा स्प्रे, गाडी चमकवायचा सिलिकॉन पॉलिश, ग्रीस लागलेलं बोट, सगळ्यांचा परिणाम तोच. रोटर अल्कोहोलने पुसून वाचतो. पॅड वरवर चिकट झाले असतील तर सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. तेल आत मुरलं असेल तर फेकून द्या. गॅसवर भाजून तेल उडवायचा प्रयोग लोक करतात. मसाला पाठीपासून सुटतो आणि घरात वास राहतो तो वेगळाच.

चेनला तेल देताना स्प्रे वापरू नका, थेंबाथेंबाने आतल्या बाजूला द्या आणि मागचा रोटर फडक्याने झाका. टू-व्हीलर वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नका, पाणी हबच्या आणि पेडलमधल्या बेअरिंगमध्ये घुसतं.

किंचाळतो म्हणून लगेच पॅड बदलू नका. पहिल्या पावसात दोन-तीन दाबांपुरता आवाज येतो, तो आपोआप जातो. कोरड्यातही आला तर आधी कॅलिपर आणि रोटरचे बोल्ट सैल नाहीत ना ते बघा, मग रोटर पुसा, मग पॅड घासा.

घाट उतरताना ब्रेक हलका दाबून धरून येऊ नका. सिंहगडाच्या उतारावर सगळा वेळ ब्रेक ओढत आलेल्याचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि पुढे धरत नाहीत. वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा, पुढचा-मागचा दोन्ही वापरा. खाली आल्यावर रोटरला हात लावू नका, चटका बसतो.

७. टायर आणि हवा

टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. तितकी हवा भरायलाच हवी असं नाही. ७५ किलोच्या माणसाला ट्यूबच्या २८ मिमी टायरमध्ये पुढे ६५, मागे ७० पीएसआय, आणि ३२ मिमीमध्ये पुढे ५०, मागे ५५ इथून सुरुवात करा. खड्ड्यात रिमवर आदळतंय असं वाटलं तर पाच वाढवा. पाठीवर लॅपटॉप असेल तर मागे तीन-चार जास्त. १०० भरून काँक्रीटच्या सांध्यांवरून जाणारे दुखऱ्या मनगटांचा दोष हँडलला देतात.

रोजच्यासाठी पंक्चरविरोधी पट्टी असलेला २८ किंवा ३२ चा टायर घ्या. ट्यूबलेस करायचं तर २८ मिमीला ३० ते ४० मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव). आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, पुन्हा घालावं लागतं. हे जमणार नसेल तर ट्यूबच बरी. रिम हुकलेस (टायर अडकवायची आतली कड नसलेली) असेल तर ७२ पीएसआयच्या वर जायचं नाही आणि टायरवर हुकलेस चालतो असं लिहिलेलं हवं.

८. ऑफिसची वाट

पूर्ण लांबीचा मडगार्ड लावा. त्याने कपडे वाचतात, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे पुढच्या चाकाचं चिखलपाणी चेनवर उडत नाही. कॅरिअर लावताना मागचा कॅलिपर आड येतो का ते बघा. फ्लॅट माउंट आतल्या बाजूला असतो, त्यामुळे अडत नाही. कार्बन सीटपोस्टवर पकडणारा कॅरिअर नको.

मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पुढचा दिवा रस्त्याकडे झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका.

पार्किंगमध्ये सायकल डाव्या बाजूने भिंतीला लावा. डिस्क डावीकडे असते. स्कूटरच्या हँडलचा धक्का लागला की रोटर वाकतो. यू-लॉक फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही धरून लावा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू यांवर सायकलला बंदी आहे. लोणावळ्याकडे जाणारे जुन्या महामार्गानेच जातात.

९. चढाचे गिअर

गोळेवाडीपासून सिंहगडाच्या पार्किंगपर्यंत सुमारे ९ किलोमीटरचा चढ आहे. पुढे ३४ दात आणि मागे २८ असतील तर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारायला ताशी ९.३ किलोमीटर वेग लागतो. मागे ३४ दात असतील तर तेवढ्याच फेऱ्या ७.७ वर जमतात. नवख्याचे गुडघे या फरकावर वाचतात. ११-२८ ची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढून ११-३४ घाला, पण आधी मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची) कमाल दातसंख्या मॉडेल नंबरवरून बघा. आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा भाग आखूड असलेला) डिरेलर ३४ घेत नाही. मोठ्या कॅसेटबरोबर चेनही लांब लागते. जुनीच ठेवली तर पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चकतीवर असताना ताणून डिरेलर तुटतो.

चेन ८ ते १० स्पीडला ०.७५ टक्के आणि ११-१२ स्पीडला ०.५ टक्के ताणली की बदला. उशीर केला की कॅसेटही जाते.

१०. सराव

ऑफिसच्या वाटेवर सिग्नल असतात, तिथे इंटर्व्हल (थोडा वेळ जोर, मग थोडी विश्रांती) मारायला जाऊ नका. ती वाट सावकाश, बोलता येईल अशा दमात करा आणि आठवड्यातले दोनच दिवस जोराचे ठेवा. २० मिनिटांची चाचणी घ्यायची तर थांबावं लागणार नाही असा सलग चढ निवडा. तिथल्या सरासरी वॅटच्या (पेडलवर लावलेल्या ताकदीच्या) ९५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी, साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल ताकद. पॉवर मीटर नसेल तर हृदयाचे ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यावर भागतं.

ट्रेनर घेताना १२×१४२ च्या ॲक्सलसाठीच्या टोप्या सोबत आहेत का आणि कॅसेट तुमच्या स्पीडची आहे का विचारा. चाक न काढता लावायचे जुन्या धाटणीचे ट्रेनर थ्रू ॲक्सलला वेगळा ॲक्सल मागतात. दमट हवेत घामाने स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट गंजतात, टॉवेल टाका.

बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये) उतरायचं असेल तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. ऑफिससाठी लावलेले दिवे आणि मडगार्ड तिथेही कामाला येतात.

११. चाकं

इथवर सगळं झालं असेल आणि पैसे उरले असतील तर चाकं घ्या. तपासायच्या गोष्टी: ॲक्सलचं माप, रोटर सेंटरलॉक (मधल्या एकाच रिंगने आवळलेला) की सहा बोल्ट, आणि फ्रीहब (मागच्या हबचा कॅसेट बसते तो भाग). ११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट बसवायला १.८५ मिमीची चकती लागते. ती विसरली की कॅसेट खुळखुळते. सेंटरलॉकची रिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची असते.

प्रत्येक हबवर रोटर काही दशांश मिलिमीटर इकडे-तिकडे बसतो. म्हणून नव्या चाकानंतर कॅलिपर पुन्हा मध्ये आणावा लागतो, किंवा रोटरखाली पातळ शिम (चकती) घालून जुन्या-नव्या चाकांच्या दोन्ही जोड्या जुळवता येतात. जुनी चाकं विकू नका. त्यांवर ३२ चे टायर आणि स्वतंत्र रोटर कायमचे चढवून ठेवा. जूनमध्ये फक्त चाकं आणि पॅड बदलायचे, ऑक्टोबरमध्ये परत.